पाहुणा कुठपर्यंत सोडता?

पहिल्या दिवशी अण्णांनी मला नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही, हात कसा चालतो तेही विचारलं नाही. खिडकीच्या कट्ट्यावर पाय वर घेऊन बसले होते, तिथूनच म्हणाले, "ताई, तुमच्या घरी आलेला पावणा तुमी कुटपर्यंत सोडता?"

मी इस्त्रीची साडी नेसून, आयटीआयच्या ड्राफ्ट्समनचा दाखला पिशवीत घालून नोकरीवर हजर झाले होते. असल्या प्रश्नाची तयारी कोण करून येतं? म्हटलं, "फाट्यापर्यंत."

"का? दारातनं का न्हाई?"

"दारातून कोण सोडतं? लोक काय म्हणतील! आणि गाड्या फाट्यावरच थांबतात."

"झालं तर मग," अण्णा म्हणाले. "निम्मं काम येतंय तुमाला. ऱ्हायलेलं निम्मं पेनाचं हाय, ते जमंल."

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. देशाचे आणि राज्याचे पर्यटन विभाग पाडायचे, प्रत्येक विभागाला नाव, नकाशा आणि पत्रक द्यायचं, म्हणजे देखभालही नीट होईल आणि बाहेरच्या माणसाला कुठं जायचं तेही कळेल, असं वारं तेव्हा सुटलं होतं. त्यातलं जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचं काम पुण्याच्या एका खासगी कंपनीकडं आलं होतं. कंपनीनं मंचरला कांदा-बटाट्याच्या आडतीवरची एक खोली भाड्यानं घेतली होती. खोलीत नकाशाचं टेबल, मी आणि अण्णा. सोमवारी पुण्याहून साहेब यायचे. ते आले की आधी खिडक्या उघडायचे, कारण खोलीला कांद्याचा वास यायचा. आम्हाला तो येत नसे. घरी गेल्यावर माझ्या नवऱ्याला मात्र यायचा.

अण्णा आळ्याचे. मोजणी खात्यात उभी हयात काढून निवृत्त झालेले. साखळी ओढून ओढून उजवा खांदा खाली आलेला होता, त्यामुळं चालताना ते सतत कुणाच्या तरी कानाशी लागल्यासारखे दिसायचे. खिशात पांढऱ्या दोऱ्याची एक गुंडी असे. नकाशावरचं अंतर मोजायचं तर पट्टी घ्यायचे नाहीत. दोरा ओला करायचे, रस्त्याच्या प्रत्येक वळणावर बोटानं बसवत न्यायचे, मग सरळ करून मोजायचे. मी एकदा म्हटलं, पट्टीनं पटकन होईल. तर म्हणाले, "पट्टीनं कावळा जातो, ताई. मानूस वळनानं जातो."

त्यांच्याकडं दोन टोप्या होत्या. खरं तर एकच होती, पण ती घालायची वेळ आणि काढायची वेळ इतकी ठरलेली होती की दोन असल्यासारखं वाटायचं. सोमवारी पुण्याचे साहेब आले की घालायची. गावात शिरताना काढून पिशवीत टाकायची. टोपीवाल्यापुढं लोक खरं बोलत नाहीत, असं त्यांचं मत. आणि चहाचाही नियम होता. गावात पहिला चहा होईपर्यंत कामाचा शब्द काढायचा नाही. "पयला चहा सायबाचा असतो. दुसरा पावण्याचा. दुसरा आला का मगच वही काडायची." माझी वही कितीदा तरी पिशवीतच राहिली आणि पोटात मात्र चारचार कप गेले. अॅसिडिटी मला तेव्हापासून आहे. तिचं खापर मी अजून अण्णांवरच फोडते.

पुण्याच्या साहेबांनी विभागांची नावं आधीच ठरवून आणली होती. गड-लेणी विभाग पिवळा, धार्मिक विभाग भगवा, निसर्ग विभाग हिरवा. माझ्याकडं तीन रंगांच्या पेन्सिली दिल्या. अण्णांनी टोपी सारखी केली आणि अगदी गरिबासारखा चेहरा करून विचारलं, "सायेब, लेन्याद्रीला जानारा मानूस वर चढताना भाविक असतो. गनपतीला नमस्कार झाला का लेनी बगतो. उतरताना माकडं बगतो. त्याला कोन्त्या रंगात घालू?"

साहेब चांगला माणूस होता, पण घाईचा. म्हणाला, "मग तुमच्या मते विभाग कसे पाडायचे?"

"पावणं जिकडनं सोडत्यात तसे."

साहेबांना ते काही कळलं नाही; हद्दी तुम्ही पाडा, नावं मात्र रंगांचीच ठेवा, एवढं म्हणून त्यांनी सोडून दिलं. मलाही तोवर अर्धंच कळलं होतं. अण्णांचं म्हणणं असं: बाहेरचा माणूस ही विभागाची खूण नाही, त्याला सोडायला जाणारा ही खूण आहे. ज्या गावांचे लोक आपले पाहुणे एकाच फाट्यावर आणून सोडतात ती गावं एका विभागात. कारण त्या फाट्यावर त्यांची चहाची ओळख असते, रिक्षावाला ओळखीचा असतो, गाडी चुकली तर पाहुण्याला बसवायला दुकान असतं. परक्या माणसाची देखभाल तिथंच होते. तिथंच फलक लावा, तिथंच पत्रकं ठेवा.

यावरून त्यांनी आपल्याच गावाशी भांडण ओढवून घेतलं. आळेफाटा एवढा मोठा, चहूकडच्या गाड्या तिथं, तेव्हा एका विभागाचं मुख्य ठिकाण आळेफाटाच होणार, असं आळेकरांनी धरून ठेवलं होतं. अण्णांनी त्याला कुठल्याच विभागाचं मुख्य ठिकाण केलं नाही. "आमच्याकडं पावणा गाडी बदलतो. ऱ्हात न्हाई. खोटं कसं लिवू?" त्यांचा मेव्हणा त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. अण्णा म्हणायचे, लई शांत वर्ष गेलं.

एवढं पाहुण्यांचं पुराण सांगणाऱ्या या माणसाची एक गोष्ट मात्र मला खटकायची. ते स्वतः कुणाला सोडायला येऊ देत नसत. गावातलं काम झालं की उठायचे, "निघतो" म्हणायचे आणि लोक चपला शोधत असतानाच पांदीच्या वाटेला लागायचे. त्यांच्या मागं धावताना माझी चप्पल दोनदा तुटली. एकदा मी चिडून विचारलंच.

तेव्हा म्हणाले, "चाळीस वर्सं मोजनीला गेलो, ताई. मोजनीवाल्याला कुनी सोडाया येत न्हाई. गेला का न्हाई ते बगाया येत्यात. रेघ मारली का एक भाऊ शिव्या देतो आन् दुसरा आतनं कडी लावतो. सवय न्हाई ऱ्हायली मला."

आता माझ्या चुकीचं सांगते. सांगायला अजूनही जड जातं.

विभागांच्या हद्दी ठरल्या आणि मी ट्रेसिंगवर शाईनं नकाशा काढला. पुण्याहून निरोप आला की छापल्यावर हद्द दिसत नाही, रेघ ठळक हवी. मी पेन बदललं. जाड निबाचं घेऊन त्याच रेघेवरून फिरवलं. दोन तालुक्यांच्या मधे डोंगराची धार आहे, तिकडं हद्द त्या धारेवरूनच जाते; जुन्नरकडं पिवळा विभाग, आंबेगावकडं हिरवा. रेघ झाली झक्क. साहेब खूष. नकाशावर बोट ठेवून एकेका विभागातली गावं मीच याद्यांत उतरवली, आणि याद्या छपाईला गेल्या.

पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी हौसाबाई जिना चढून वर आली. ती त्या धारेवरच्या एका वाडीची. पंचवीस-तीस घरं, पूर्वी मेंढरं पाळणारी, आता नाचणी-वरईवर आलेली. महिन्यापूर्वी अण्णा आणि मी तिच्याकडं दुसऱ्या चहापर्यंत बसून, जेवून आलो होतो. विभागाचा फलक लागेल, फलकावर वाडीचं नाव येईल, नाव असलेल्या गावांत पाहुण्यांची जेवणाराहण्याची सोय असेल तर तेही पत्रकात छापलं जाईल, असं आम्ही सांगितलं होतं. आम्ही म्हणजे मीच. अण्णा असं काही कबूल करत नसत.

हौसाबाईनं नाचणीचे पापड माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "दोन खोल्या सारवून-रंगवून तयार केल्यात, बाय. धाकला ल्योक म्हनत व्हता, कुलूप लावू आन् चाकनला कंपनीत जाऊ. म्या म्हनलं, थांब, आपलं नाव छापून येतंय. लोकं आली तर हितंच चार भाकरी जास्त थापू. तवा नाव कुटल्या पानावर हाय ते मला बोट लावून दाव. म्हंजे त्याला सांगते."

मी हिरवी यादी पाहिली. नव्हतं. पिवळी पाहिली. नव्हतं. मग नकाशा काढला. वाडी माझ्या रेघेखाली गेली होती. बारीक रेघ तिच्या कडेनं जात होती, जाड रेघेनं तिला गिळलं होतं. हिरव्यात बघणाऱ्याला ती हद्दीवर दिसली, पिवळ्यात बघणाऱ्यालाही हद्दीवर दिसली, आणि दोन्ही वेळा बघणारी मीच होते.

"अजून छापायचंय, मावशी," मी म्हटलं. ते खोटं होतं. म्हणजे अगदी खोटं नव्हतं, छपाई शुक्रवारी होती, पण मी ते खोटं म्हणूनच बोलले. ती विश्वासानं मान हलवून गेली. पापड तिथंच राहिले.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तात्पुरती नोकरी, वर्षाचा करार, त्यात हे. गुपचूप एका यादीत नाव घालून टाकावं असंही मनात आलं. महसुली दप्तरात वाडी आंबेगावची, म्हणून हिरव्यात घातली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण अण्णांना कळलं असतं. तिसऱ्या दिवशी मी ट्रेसिंग उचललं आणि खिडकीपाशी नेऊन त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "अण्णा, माझ्या रेघेखाली एक वाडी गेली."

त्यांनी कागद उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता बोलतील. मी रडायच्या बेतात होते.

"माझ्या पेन्शिलीखाली एकदा हीर गेली व्हती," ते म्हणाले. "दोगा भावांचा हिस्सा. पेन्शीलला टोक केलेलं न्हवतं. रेघ विहिरीवरनं गेली आन् पुढं कुनीतरी आख्खी हीर धाकल्याच्या वाट्याला लिवली. मला वर्सानं कळलं. पर म्या बोललो न्हाई. बदली झाली व्हती, म्हनलं कशाला आता. थोरला म्हातारा होस्तवर वढ्यावरनं पानी आनत व्हता." मग कागदाची गुंडाळी करत म्हणाले, "म्या न्हाई बोललो. तुमी तिसऱ्या दिवशी बोललात. चला, चपला घाला."

मला इतकं हलकं वाटलं की जिना उतरताना मी हसत होते. खाली आडतीतला हमालही माझ्याकडं बघायला लागला.

फोनवर साहेब वैतागले. एका वाडीसाठी कुठं जाता, कुठल्याही बाजूला टाका, नाहीतर राहू द्या म्हणाले. अण्णांनी फोनपुरतीसुद्धा टोपी घातली होती. म्हणाले, "शुक्रवारच्या आत नाव देतो, सायेब." आणि ठेवून दिला.

घोडेगावावरून गाडीनं, पुढं मिळेल त्या जीपनं आणि मग पायी, असे आम्ही आंबेगावच्या अंगानं वर चढलो. दुपार झाली होती. हौसाबाईच्या ओट्यावर माणसं जमली. पहिला चहा झाला. दुसरा झाला. मी वही काढली, तर अण्णांनी हातानंच ती परत पिशवीत घालायला लावली. विचारण्याची गरजच नव्हती. वादाला आपोआप तोंड फुटलं होतं.

"आमी शिवनेरीच्या बाजूचं," हौसाबाईचा दीर म्हणाला. "महाराजांचा किल्ला हितनं दिसतो, राव. मानसं किल्ला बगाया येत्यात."

"दिसतो तर दिसू दे," हौसाबाई म्हणाली. "सातबारा कुटला? घोडेगावचा. भीमाशंकरला जानारी लोकं तळेघरवरनं इकडं वळत्याल. आमी तिकडचं."

"तुजं माहेर तळेघरचं म्हनून!"

असा अर्धा तास गेला. बायका हिरव्या, पुरुष पिवळे. अण्णा कुणाच्याच बाजूनं बोलले नाहीत. भाकरी खाल्ली, वरून पाणी प्याले आणि उठून नेहमीसारखं म्हणाले, "निघतो."

हौसाबाईनं त्यांच्या हातातली पिशवीच धरली. "निघतो काय? येतो म्हना. आन् असं कसं निघता? कोन हाये का न्हाई तुमाला सोडाया?"

"बाई, मी मोजनीवाला मानूस. माझं कुनी..."

"मोजनीवालं मोजनीला येत्यात. तुमी माझ्या घरी दोन येळा जेवलात. पावणं हायेत तुमी."

एरवी अण्णा लगेच पांदीला लागायचे ते उभेच राहिले. तेवढ्यात वाडी उठली. मघाशी एकमेकांवर ओरडणारे सगळे चपला घालू लागले, एकीनं पापडाचा पुडा बांधला, म्हाताऱ्यानं काठी घेतली. आणि सगळे चालू लागले ते उत्तरेला. जुन्नरच्या बाजूला. हौसाबाई सगळ्यांच्या पुढं.

मी म्हटलं, "मावशी, आम्ही इकडून नाही आलो."

"आलात तिकडनं कळंना म्हनून. ती वाट उतरायला वंगाळ हाय, बाय, पावण्याला तिकडनं कोन काडून देतंय? आमी समदी पावणं हिकडनंच सोडतो. खाली झाड हाय, बसाया दगड हाय, जुन्नरची गाडी थांबती. माझ्या माहेरच्यांनासुदीक हिकडनंच सोडते, घोडेगावास्नं फिरून जात्यात बिचारी."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. यादीत गुपचूप हिरवं लिहिलं असतं तर वाडी दुसऱ्यांदा चुकीच्या जागी गेली असती, हे दोघांनाही कळलं होतं.

पुढचं सांगून टाकते. शुक्रवारी सकाळी मी त्या जागची शाई ब्लेडनं खरवडली आणि वाडीला वळसा घालून हद्दीची रेघ पुन्हा काढली. भाकरीला एका बाजूनं फुगा यावा तशी ती तिथं फुगली. साहेब म्हणाले, तालुका मोडतोय. अण्णा म्हणाले, पर्यटकाला तालुका म्हाईत नस्तो. साहेब हसले, आणि मग त्यांनीच रंगांची नावं सोडून फाट्यांची नावं विभागांना द्यायला परवानगी दिली. फलक लागला. त्यावर शेवटची ओळ त्या वाडीची. दिवाळीनंतर हौसाबाईकडं पहिली सहा माणसं उतरली. खोल्यांना कुलूप लागलं नाही. तिचा धाकटा आता तिथंच असतो आणि पाहुण्यांना किल्ला दाखवून आणतो. पत्रकाची एक प्रत माझ्या कपाटात आहे. तो फुगा बघितला की अजून बरं वाटतं.

पण मला आठवतं ते त्या दुपारचं. खाली रस्त्यावर झाडाखाली वाडीतली वीस-बावीस माणसं आमच्याभोवती उभी होती. गाडी येईपर्यंत कुणी हललं नाही. कुणी विशेष बोलतही नव्हतं. पीकपाणी, कुणाची म्हैस, कुणाचं लग्न, असलंच. अण्णा मधोमध त्या दगडावर बसले होते. गुडघ्यावर पापडाचा पुडा होता आणि दोन्ही हातांनी तो धरला होता.

गाडी आली. हौसाबाईनं कंडक्टरला बजावलं, "आमचं पावणं हायेत, बसाया जागा द्या." आम्हाला खिडकीची जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा अण्णांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मोठ्यानं म्हणाले, "येतो!"

मग आत वळून सरळ समोर बघत बसले. मागं वळून बघायचं धाडस त्यांना होत नसावं. गाडी पुलावर आली, तशी त्यांनी हळूच मला विचारलं, "ताई, बगा बरं. गेले का?"

मी वळून पाहिलं. धुळीत सगळे तसेच उभे होते. हौसाबाईनं हात वर केला होता.

"नाही अण्णा," मी म्हटलं. "अजून आहेत."